न दिलेले केस

बकाराम मुन्शीचे केस काळे आहेत असं कोणी म्हणत नसे, आणि पांढरे आहेत असंही कोणी म्हणत नसे. सगळी करामत तीच होती. गोंदियात स्टेशनच्या मागे शालीकरामचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, आणि तीन वर्षांपूर्वी बकाराम तिथे पहिल्यांदा बसला तेव्हा तो म्हणाला होता, "एकदम काळे करून टाक." शालीकराम हसला. "मुन्शीजी, कल तक सफेद और आज कव्वा? लोग थूकेंगे. मी रंगात रंग मिळवून देतो. कानशिलावर थोडे पांढरे ठेवू, वरती करडे, मधात काळे. चाळीस-पंचेचाळिशीतला माणूस दिसला पाहिजे, नवरदेव नाही."

आणि खरंच तसं दिसायचं. पण रंगाचं असं असतं की तो लावला त्या दिवसापासून उतरायला लागतो. खालून केस वाढतात आणि मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते. शालीकरामकडे जाणं महिना-दीड महिन्यातून एकदा, सालेकशाहून पॅसेंजर धरून. मधले दिवस रुख्माच्या हातात. हिरडा कुटायचा, लोखंडी कढईत दोन दिवस भिजत घालायचा, काळा रस झाला की काडीला चिंधी गुंडाळून फक्त मुळांना लावायचा. भांगाजवळ आणि कानामागे. कानशिलं सोडायची. दर पाचव्या दिवशी. रुख्मा हे काम इतक्या सफाईने करी की शालीकरामने एकदा बकारामचं डोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "भौजाईला माझ्या दुकानात बसवा."

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर नोकरीसाठी. बकाराम एका बिडीवाल्या शेठकडे मुन्शी होता. उन्हाळ्यात जंगलातल्या फडावर तेंदूपानांचे पुडे मोजून घ्यायचे, बाकीचं वर्ष गोंदियाच्या गोदामात आणि गावोगाव. चार सालांआधी एक म्हातारा मुन्शी फडावरच उन्हाने कोसळून मेला आणि शेठने त्या दिवशी ठरवलं, पन्नाशी ओलांडलेला माणूस जंगलात पाठवायचा नाही. दर चैतात गोदामासमोर मुन्शी ओळीने उभे करायचे, टोप्या काढायला लावायच्या आणि शेठने फिरून पाहायचं. जन्माचे दाखले कोणाकडे होते? डोक्याकडे पाहून वय ठरे. बकाराम बावन्न वर्षांचा होता. कागदावर पंचेचाळीस.

आणि नोकरी गेली तर? तर आपल्या गावी, बोरटोल्यात, भावाच्या धानाच्या बांधीत पुतण्यांच्या हाताखाली चिखल तुडवायचा. स्वतःची जमीन नाही, मूलबाळ नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, रुख्मा बेचाळीस वर्षांची झाली, पण कूस उजवली नाही. गावात त्याला लोक 'मुन्शीजी' म्हणत, राम राम करत, बसायला खाट टाकत. ते सगळं त्या नोकरीचं होतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माणूस उगीच नाही डोक्याला हिरडा फासत.

त्या सालचा चैत लागला आणि कवडू वारला.

कवडू म्हणजे बकारामचा सख्खा मोठा भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा कवडूने स्वतः नांगर धरला आणि धाकट्याला सालेकशाच्या शाळेत घातलं. मुन्शीला अक्षरं आली ती कवडूच्या हातांवरच्या घट्ट्यांमुळे. तो आठ दिवस तापाने पडला आणि गेला. बकाराम लहान पोरासारखा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्याच्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला आणि त्याची त्याला शरम वाटली.

हिशेब असा. दहाव्याला भावकीतल्या पुरुषांनी केस द्यायचे. आधी पोराने, मग सख्ख्या भावाने. आणि शेठचा निवडीचा दिवस पडत होता चौदाव्याला. चार दिवसांत डोक्यावर जे खुंट येतील ते कापसासारखे पांढरेफेक येतील. त्या खुंटांना हिरडा लावावा तर केसांआधी कातडीच काळी होणार. रोज वस्तरा फिरवावा तर ते कोणी करूच देणार नाही, कारण एकदा केस दिल्यावर महिनाभर पुन्हा वस्तरा लावला तर घरात दुसरं मरण येतं, असं त्या भावकीत पक्कं मानत. तापाचं सोंग करावं? तापातही लोक केस देतात. नवस आहे म्हणावं? कालपरवापर्यंत शालीकरामकडे कापून येणारा माणूस नवसाचे केस कुठून दाखवणार?

शिवाय सुतकात तेल नाही, काही नाही. हिरड्याची कढई रुख्माने पालथी घालून ठेवली होती. सहाव्या दिवशी पांढरी रेघ दिसायला लागली, आठव्या दिवशी ती तांदळाच्या दाण्याएवढी रुंद झाली. बकाराम डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसू लागला. येणारेजाणारे म्हणत, भावाचं फार मनाला लागलं मुन्शीजींच्या.

"काय करू?" त्याने नवव्या दिवशी रुख्माला विचारलं.

रुख्मा तांदूळ निवडत होती. "केस द्या," ती म्हणाली. "भाऊ होता तुमचा. नोकरीचं पाहू मंग."

"मंग काय पाहशीन? पुतण्याच्या, श्यामलालच्या बांधीत धानाचा रोवणा करशीन?"

"करीन. आधी नाही केला का?"

तिला सोपं होतं ते, असं बकारामला वाटलं. तिला कोणी 'मुन्शीजी' म्हणत नव्हतं ना.

दहाव्याला सगळे तलावाच्या पाळीवर जमले. ऊन चढलेलं. म्हाली, म्हणजे गावचा न्हावी, वस्तरा दगडावर घासत बसला होता. कवडूचा मोठा मुलगा श्यामलाल पहिला बसला. त्याच्या डोक्यावरून वस्तरा सरसर फिरला आणि काळ्या केसांचे पुंजके मातीत पडले. तो उठला तेव्हा एकदम ओळखू येईना. म्हालीने पाण्यात हात धुतले आणि बकारामकडे पाहिलं.

"या मुन्शीजी."

बकाराम जागेवरून हलला नाही.

"काका, बसा," श्यामलाल म्हणाला.

"मले..." बकाराम म्हणाला आणि थांबला. वीसेक माणसं त्याच्याकडे पाहत होती. भावकीतला सगळ्यात जुना माणूस रामलाल काठीवर हनुवटी टेकून बसला होता, त्याने डोळे बारीक केले.

"काऊन रे?" रामलालने विचारलं.

आणि बकारामच्या तोंडून ते निघून गेलं. देवाशपथ, आधी ठरवलेलं नव्हतं. "मले नाई देता येत केस. घरी दिवस आहेत."

बायको गरवार असली की नवऱ्याने केस काढायचे नाहीत, वस्तरा लावायचा नाही. लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. भावासाठी नाही, बापासाठीही नाही. पोटातल्या जिवाला ते बाधतं. त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मग रामलाल काठी टेकत उठला. "मंग बसूच नोको," तो म्हणाला. "माघारी सरक. वस्तऱ्याजवळ उभाच राहू नोको." त्याचा आवाज कापत होता. "अठ्ठावीस सालानं. अरे, सांगाचं तरी आधी."

"कवडूच्या आजारपणात कसं सांगाव," बकाराम म्हणाला. एक खोटं तोंडातून निघालं की दुसरं आपोआप रांगेत येऊन उभं राहतं. त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

म्हालीने मान डोलावली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. श्यामलाल मात्र तुळतुळीत डोक्याने काकासमोर आला, वाकला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तेव्हा रडत होता. "काका, बाबाच परत येऊन राहिला," तो म्हणाला. "घर सोडून गेला नाही तो."

एवढ्या लांबचं बकारामने पाहिलंच नव्हतं. त्याने केस पाहिले होते, शेठ पाहिला होता, गोदामासमोरची ओळ पाहिली होती. रुख्मा त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती. आता त्याला बातमीआधी तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

पण बातमीला पाय त्याच्यापेक्षा जास्त. तो अंगणात आला तेव्हा रुख्मा दारात उभी होती आणि तिच्या मागून शेजारची नंदाबाई तिची पाण्याने भरलेली घागर आत नेऊन ठेवत होती. "आता उचलू नोको काही," नंदाबाई म्हणाली, बकारामकडे पाहून पदराआड हसली आणि निघून गेली.

रुख्माने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डोक्यावर केस होते. तिला सगळं कळलं, एक शब्द विचारावा लागला नाही.

"तोंडातून निघून गेलं," बकाराम म्हणाला.

ती आत गेली.

तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. रोज कोणीतरी येई. कोणी चिंचेचा गोळा आणून ठेवी, कोणी लोणचं. बाया तिच्या हातातलं जातं काढून घेत, झाडू काढून घेत. ज्या बायांनी अठ्ठावीस वर्षं आपल्या बारशांना तिला मागच्या ओळीत बसवलं होतं, त्याच आता तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलत. बकाराम हे सगळं ओसरीतून पाही आणि वाट पाही की ती आता बोलेल, आता सगळ्यांसमोर सांगून टाकेल. तिच्या प्रत्येक खोकल्यासरशी त्याचा जीव वरखाली होई. तिने सांगितलं असतं तर भावकीने त्याला दारात उभं केलं नसतं. भावाला द्यायचे केस चोरणारा माणूस. पण ती बोलली नाही.

तेरवी झाली, सुतक फिटलं. त्या दुपारी तिने कढईवरचं झाकण काढलं. हिरडा तिने दोन दिवसांआधीच भिजत घातला होता, कधी ते त्याला कळलंही नव्हतं. तिने त्याला परसात खाली बसवलं, दार लावून घेतलं आणि काडीला चिंधी गुंडाळली.

तिच्या हाताला घाई नव्हती. भांग पाडायची, मुळं ओली करायची, पुढचा भांग. बारा-तेरा दिवसांची वाढ होती, रेघ रुंद झालेली, त्यामुळे करडं आणि काळं जिथे मिळतं ते तिला नव्याने जुळवावं लागत होतं. तिने काही केस सोडले, काही घेतले. बकाराम मान खाली घालून बसला होता. थंड रस मानेवरून ओघळला आणि तिने तो पदराने टिपला.

"कोणता महिना सांगितला?" तिने विचारलं.

"काई नाही सांगितला."

"बाया विचारून राहिल्या. मंग म्या तिसरा सांगितला."

बकारामने वर पाहायला मान उचलली. "हलू नोका," ती म्हणाली. "कानाले लागते."

दुसऱ्या दिवशी गोदामासमोर चौदा मुन्शी ओळीने उभे होते. शेठचा मुनीम टेकचंद हातात यादी घेऊन पुढे, शेठ मागे. ऊन डोक्यावर. टोप्या हातात. बकारामच्या पाठीवरून घामाची धार खाली जात होती आणि त्याला एकच भीती, घाम काळा होऊन कपाळावर आला तर? त्याने दोनदा कपाळ पुसून तळहात पाहिला. कोराच होता. रुख्माचं काम पक्कं होतं.

ओळीतल्या चौथ्या माणसाला शेठने हाताने बाजूला काढलं. तो माणूस काहीतरी बोलू पाहत होता, पण टेकचंदने त्याच्या नावावर रेघ मारली होती. मग शेठ बकारामसमोर आला. त्याने डोकं पाहिलं, कानशिलं पाहिली, पुढे सरकणार तेवढ्यात टेकचंद म्हणाला, "शेठजी, या बकारामचा सख्खा भाऊ वारला ना पंधरा दिवसांआधी. सुट्टी घेतली होती याने."

शेठ थांबला. "सगा भाई? तो फिर बाल कैसे हैं सिर पर?"

बकारामला वाटलं, संपलं. टेकचंद त्याच्या केसांकडे असा पाहत होता की आता हात लावून पाहील. ओळीतली सगळी माणसं वळून पाहत होती. त्याने तोंड उघडलं आणि आतून जे होतं तेच पुन्हा बाहेर आलं, या वेळी आधीपेक्षा सोपं.

"घरी दिवस आहेत, शेठजी. आमच्यात बाल नाही देत मग."

शेठ पोट हलवून हसला. सगळे हसले. "अरे टेकचंद," शेठ म्हणाला, "इसकी उमर क्या पूछते हो. लिखो इसको, जंगल में सबसे दूर का फड दो. यह तो जवान आदमी है." आणि त्याने गोदामातून पेढ्यांचा पुडा मागवला आणि स्वतःच्या हाताने बकारामला दिला, बायकोसाठी म्हणून.

खरं सांगायचं तर, परतीच्या गाडीत खिडकीशी बसून बकाराम खूश होता. आणखी एक साल. पुढच्या चैतापर्यंत मुन्शीजी. रुख्माला काय सांगायचं, कसं समजवायचं, हे तो मनात रचत होता. दोन महिन्यांनी काही ना काही सांगता येईल, लोक विसरतात. लोक विसरतात असं त्याला खरंच वाटत होतं.

घरी आला तेव्हा अंगणात चपला होत्या. आतून बाया निघत होत्या, एकेक करत, त्याला पाहून बाजूला होत, हसत. रुख्मा पाटावर बसली होती. हिरवं लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू, ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंडं. पहिल्या महिन्यांत गाजावाजा न करता भरतात ती चोरओटी भरून बाया चालल्या होत्या. ओटीचं ओझं धरून ती ताठ बसली होती आणि तिचा चेहरा त्याला वाचता येईना.

दाराजवळ, जरा लांब, कवडूची बायको धुरपता बसली होती. ती विधवा, तिला ओटी भरता येत नव्हती, म्हणून ती उंबऱ्यापलीकडेच थांबली होती. तिच्या मांडीवर धुतलेल्या पांढऱ्या कापडाच्या घड्या होत्या.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्याहिचं धोतर होतं. नरम झालं होतं वापरून वापरून. म्या फाडून लंगोटं केले लेकरासाठी." तिने घड्या उंबऱ्यावर ठेवल्या. "रोज झोप नोती येत मले. आता येते. कोठं गेला म्हणून पाहत होती, तर इथंच येऊन राहिला." ती उठली, रुख्माकडे डोळे भरून पाहिलं आणि हळूहळू अंगण ओलांडून गेली.

बकाराम पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच उभा राहिला. "नोकरी राहिली," तो म्हणाला.

रुख्माने ओटीतला नारळ बाजूला ठेवला. "अठ्ठावीस साल झाले," ती म्हणाली. "माही ओटी कोणी भरली नोती. आज भरली." तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला सोसेना. "बसल्या बसल्या एक घडी मले खरंच वाटलं. मी मूरख."

"रुख्मे, मी सांगतो सगळ्याहिले. उद्या सांगतो."

"आता काय सांगता? तुमची नोकरी जाईन, भावकी जाईन, आणि माह्यावर हसतीन ते वेगळं. नाही. जेठात मी सांगीन, पडलं म्हणून. तुम्ही फडावर राहा तेव्हा. बाया येतीन, बसतीन. रडाचं मले शिकवा नाही लागत." तिने ओटीतले तांदूळ मुठीमुठीने सुपात टाकायला सुरुवात केली आणि थांबली. मग उंबऱ्यावरच्या कापडाच्या घड्यांकडे बोट दाखवलं. "पर जाऊबाईले मी नाही सांगत. तिचा माणूस दुसऱ्यांदा मेला, हे तिले तुम्ही सांगजा."

बकाराम उंबऱ्याशी खाली बसला. समोर भावाचं धोतर होतं, मऊ, स्वच्छ धुतलेलं, नीट चौकोनी फाडलेलं. त्याने त्याला हात लावला नाही.

"सांगसान ना?" रुख्माने विचारलं.

त्याने पेढ्यांचा पुडा घड्यांपासून लांब, जमिनीवर ठेवला, आणि तिने पुन्हा विचारलं.